समुद्राचं 'डिजिटल ट्विन': वाशिमला त्याचं काय?

आजचा विषय सांगितला तेव्हा वाशिमचा एक मित्र म्हणाला, "काहून बे, आपल्याकडं कुठं समुद्र?" प्रश्न बरोबर आहे. पण आपल्या जिल्ह्याचं पाणी एक नाही, दोन समुद्रांना जातं. पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात, तर काटेपूर्णेचं पूर्णा आणि तापीतून अरबी समुद्रात. आणि ज्या मान्सूनवर आपलं सोयाबीन उभं असतं, तो येतो समुद्रावरूनच. तेव्हा हेडफोन लावा, बसा.

आधी, डिजिटल ट्विन म्हणजे काय? कागदी नकाशा फक्त रस्ते दाखवतो. गुगल मॅप्स आत्ताचं ट्रॅफिक दाखवतं. ट्विन याच्या एक पाऊल पुढे जातं. तुम्ही विचारता, "हा पूल महिनाभर बंद ठेवला, तर गर्दी कुठं होईल?" आणि ते हिशोब करून सांगतं. म्हणजे खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरमधली जुळी प्रत, जिला खरा डेटा सतत मिळत असतो आणि जिला 'असं केलं तर काय?' हे विचारता येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन कोड थेट लाइव्ह टाकत नाही, आधी स्टेजिंग सर्व्हरवर चालवून बघतो. तसंच हे. कोडमध्ये चुकलं तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं. समुद्रात तशी सोय नाही.

डेटा कुठून येतो? वरून उपग्रह बघतात. आपला ओशनसॅट-3 नोव्हेंबर 2022 मध्ये गेला. तो पाण्याचा रंग टिपतो, त्यावरून हरितद्रव्य, म्हणजे सूक्ष्म वनस्पती किती आहेत ते कळतं. आतून आर्गो नावाचे तरंगते यंत्रमानव मोजतात. जगभरात असे सुमारे 4000 आहेत. ते 2000 मीटरपर्यंत खोल जातात आणि साधारण दहा दिवसांनी वर येऊन तापमान, क्षारता उपग्रहाला कळवतात. हा सगळा डेटा प्रवाहांची गणितं सोडवणाऱ्या मॉडेलमध्ये जातो.

युरोपियन युनियननं 2022 मध्ये समुद्राचं असं ट्विन बनवण्याची घोषणा केली. त्यातले बरेच सुटे भाग आपल्याकडेही आहेत. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था 1999 पासून काम करते. समुद्राची सध्याची स्थिती तिथून मान्सूनच्या हंगामी अंदाजाच्या मॉडेलला मिळते, म्हणजे आपल्या पेरणीशीही तिचा संबंध आहे. हीच संस्था मच्छीमारांना मासे कुठं मिळण्याची शक्यता आहे, ते मराठीतही कळवते. त्यामुळे शोधण्यात जाणारा वेळ आणि डिझेल वाचतं.

पण इथंच खरी गोम आहे. "मासे कुठं आहेत?" हा प्रश्न पकडण्याचा आहे. "आज इतके पकडले तर तीन वर्षांनी उरतील किती?" हा प्रश्न सांभाळण्याचा आहे. पहिल्याचं उत्तर रोज मोबाईलवर येतं. दुसऱ्यासाठी ट्विन लागतं.

पापलेटचं बघा. पालघरच्या सातपाटीचं पापलेट प्रसिद्ध. 2023 मध्ये तो राज्यमासा झाला. अडचण अशी, की बारीक आसाच्या डोल जाळ्यात पापलेटची पिल्लंही येतात. ती वाढायच्या आधीच बाजारात गेली, तर पुढच्या वर्षी अंडी घालणार कोण? राज्यानं 2023 मध्येच 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. आपल्याकडं मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते. ती पंधरा दिवस वाढवली तर? जाळ्याचा आस मोठा केला तर? समुद्र आणखी तापला तर? आज यावर वाद होतो आणि पोट कुणाचं बुडेल या भीतीनं तो तिथंच अडकतो. ट्विनमध्ये तीनही गोष्टी आधी चालवून बघता येतील.

मात्र डोळे झाकून विश्वास नको. ट्विन तेवढंच शहाणं, जेवढा त्याचा डेटा. उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, जाळ्यात पिल्लं किती आली ते दिसत नाही. ते कोळी बांधवच सांगू शकतात. त्यांनी माहिती द्यायची आणि तिचा फायदा आधी मोठ्या इंजिनाच्या ट्रॉलरनं घ्यायचा, असं झालं तर ते खरी माहिती देतील का? म्हणून माझं मत साधं आहे: ज्यांचा डेटा, त्यांना उत्तर बघायचा आणि प्रश्न विचारायचाही हक्क हवा.

आणि ट्विनला नद्याही लागतात. शेतातून वाहून गेलेलं खत शेवटी खाडीत उतरतं. त्यामुळे त्या मित्राला माझं उत्तर एवढंच: समुद्राच्या त्या जुळ्या प्रतीत पैनगंगा आणि काटेपूर्णाही असायला हव्यात.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!