लिस्टमध्ये नेमकं असतं काय?

पायथॉनच्या लिस्टमध्ये आकडा, नाव, फोटो, आणखी एखादी लिस्ट असं काहीही शेजारी-शेजारी बसतं. सी भाषेतल्या ॲरेत सगळे एकाच मापाचे लागतात. आणि ज्या सीपायथॉनवर आपण रोज काम करतो, ते तर सीमध्येच लिहिलेलं आहे! मग चिमुकला आकडा आणि पानभर मजकूर एका रांगेत मावतात कसे?

मावत नाहीतच. लिस्टमध्ये वस्तू नसतात, त्यांचे पत्ते असतात. चाळीच्या जिन्याखाली खोल्यांचे नंबर लिहिलेली पाटी असावी आणि बिऱ्हाडं वर, तसं. ६४ बिटच्या संगणकावर प्रत्येक पत्ता ८ बाइटचा, मग त्या पत्त्यावर कोणीही राहो. म्हणून तिसरी वस्तू मागा की दहा लाखावी, वेळ सारखाच लागतो. क्रमांकाला आठाने गुणलं, सुरुवातीपासून तेवढे बाइट पुढे गेलं की झालं. पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य असणंही मग विचित्र वाटत नाही. तिच्यासाठी पुढे जावंच लागत नाही.

आता तीन शून्यांची एक ओळ करा, तिला आणखी एका चौकटी कंसात घाला आणि तीनने गुणा. पडद्यावर तीन बाय तीनचा छान तक्ता दिसेल. त्यातलं पहिलं घर बदला. तिन्ही ओळी बदलतात! पाटीवर एकाच खोलीचा नंबर तीनदा लिहिलाय, दुसरं काय. नवशिके इथे हमखास फसतात, आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही.

अपेंडची हुशारी वेगळीच. दर वेळी एकेक जागा वाढवायची तर सगळे पत्ते पुनःपुन्हा नव्या जागी हलवण्याची पाळी येईल. म्हणून सीपायथॉन आधीच थोडी जास्त जागा धरून ठेवतं. रिकाम्या लिस्टमध्ये एकेक वस्तू घालत गेलात, तर अलीकडच्या आवृत्त्यांत जागा ४, ८, १६, २४, ३२, ४०, ५२ अशी वाढते. लिस्ट मोठी झाली की दर खेपेला साधारण एक अष्टमांश जादा. सुरुवातीला घुसवणं मात्र महागात पडतं, कारण मागच्या प्रत्येक पत्त्याला एक घर सरकावं लागतं. दोन्ही टोकांना काम असेल तर सरळ डेक वापरावा.

पण मला सगळ्यात थक्क करते ती रेंज. शून्यापासून १०० कोटींपर्यंतची लिस्ट केली, तर नुसते पत्तेच ८०० कोटी बाइट खातात. तेवढीच रेंज ४८ बाइटांची! तिच्याजवळ एकही सदस्य साठवलेला नसतो; सुरुवात, शेवट, पाऊल आणि लांबी एवढंच तिला ठाऊक. बाकी सगळं विचारल्यावर हिशेब करून सांगते. सात-सातच्या पावलांनी जाणाऱ्या रेंजला ‘तुझ्यात ७३ कोटी ५० लाख आहे का?’ असं विचारलं, तर ती शोधायला निघत नाही. सातने भागते, बाकी शून्य आली की ‘आहे’ म्हणते. लिस्टला हाच प्रश्न घातला तर ती बिचारी पहिल्यापासून एकेकाला तपासत बसते.

घरी करून बघा. १०० कोटींची रेंज बनवा, तिची लांबी विचारा, उलटी फिरवा, मधला तुकडा कापा. उत्तरं तत्क्षणी येतील. मग तिचीच लिस्ट करायला सांगा. फक्त त्याआधी उघड्या फाइली सेव्ह करून ठेवा.