हप्त्याचे घर की भाड्याचे?

दसरा-दिवाळी जवळ आली की दैनिकांची पाने सदनिकांच्या जाहिरातींनी भरून जातात. आमचीही पाने त्यास अपवाद नाहीत, हे आधीच मान्य करतो. ‘भाड्याइतक्याच हप्त्यात स्वतःचे घर’ हे आमिष त्यांत हमखास असते. पणजी-मडगावास नोकरीनिमित्त बिऱ्हाड केलेले तरुण जोडपे त्यास भुलते आणि घरची वडीलधारी मंडळीही ‘भाडे म्हणजे पाण्यात घातलेला पैसा’ अशी पुस्ती जोडतात. या समजुतीचा हिशेब एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

पन्नास लाखांची सदनिका धरू. एवढ्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम मिळत नाही. म्हणजे १० लाख पदरचे हवेत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याहून वेगळी. उरलेले ४० लाख साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये पडतो. त्यातले २८,३०० रुपये पहिल्या महिन्यात निव्वळ व्याजापोटी जातात, मुद्दल फिटते ते जेमतेम ६,४००. भाडे पाण्यात जात असेल, तर हे व्याज कोठे जाते? तशीच जागा १४ हजारांत भाड्याने मिळत असेल, तर बँकेचे ‘भाडे’ घरमालकाच्या दुप्पट झाले. शिवाय घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि पावसाळ्यात झिरपणाऱ्या भिंती मालकाच्याच माथी. व्याजाचा दरही स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा हप्ता तोच राहिला तरी कर्जाची मुदत मात्र लांबली, असा अनुभव पुष्कळांनी घेतला.

मग भाड्यानेच राहावे काय? प्रश्न इतका सोपा नाही. भाटकाराच्या जमिनीत, त्याच्या मर्जीवर राहण्याची धास्ती गोमंतकीय मनात खोल रुजलेली आहे. १९७५ चा मुंडकार कायदा त्या धास्तीपोटीच करावा लागला. आज अकरा महिन्यांचा करार संपताच मुलांच्या शाळेसह बिऱ्हाड हलवावे लागते, आणि किनाऱ्यालगत तर पर्यटकाचा पैसा भाडेकरूच्या पुढे उभा असतो. भाडे दरसाल चढते. हप्ता एक दिवस संपतो. भाड्याने राहून वाचलेले वीस हजार दरमहा खरोखर बाजूस पडले तरच वरचा हिशेब खरा. ते गाडीत आणि समारंभांत विरले, तर साठाव्या वर्षी हाती ना घर ना गाठोडे.

आमचे मत असे : हप्ता मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल, सहा महिन्यांचा खर्च शिल्लक राहत असेल आणि त्याच गावी आठ-दहा वर्षे काढावयाची असतील, तर घर अवश्य घ्यावे. एरवी भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नये. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी रिता करून आणि घरातले दागिने गहाण टाकून ते १० लाख उभे करणे, हा मात्र निव्वळ अविचार होय. चतुर्थीपुरत्या उघडणाऱ्या गावच्या घरातला वाटाही हिशेबात धरू नये. सगळ्या वारसांच्या सह्या जमेपर्यंत त्याचा पैसा होत नाही.

आपल्या नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, विवाहोत्तर घेतलेले घर पती-पत्नींचे समाईक असते. तेव्हा बिल्डरला बयाणा देण्यापूर्वी दोघांनीही कागद-पेन्सिल घेऊन बसावे.