पाच मिनिटांच्या आधीचे तास

परभणीजवळच्या एका भरती अकॅडमीच्या मैदानावर मे महिन्यात पोरं पहाटे साडेपाचलाच पळायला लागतात. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की पोलीस भरतीत २० पैकी २० गुण. आठ वाजेपर्यंत पळणाऱ्यांच्या बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले दिसतात. घाम आला कधी, वाळला कधी, पत्ताही लागत नाही.

घामाचं सगळं काम या वाळण्यात आहे. एक लिटर घाम अंगावरून उडून गेला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून ‘ग्राउंड’, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, देऊन मुंबईहून परतलेली पोरं सांगतात, की तिथं ऊन कमी होतं, पण दमट हवेत अंग सुकतच नव्हतं. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा पावलांना मिळतो, उरलेल्याची उष्णताच होते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे धावतं, आणि स्नायूंनाही तेच हवं असतं. वेग तोच, पण ठोके वाढलेले.

तरी पाच मिनिटांच्या पळण्यात उष्णता साठायला वेळ फार मिळत नाही. पोरांना मारतं ते त्याआधीचं थांबणं. छातीवर नंबर, डोक्यावर ऊन, आणि बाटली संपलेली. शिट्टी वाजण्याआधीच अंग तापलेलं असतं. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावल्यावर काही उमेदवार दगावले. पुढे अंतर कमी झालं. उन्हातल्या रांगेबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

शरीराला नव्या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ घटतं, रक्तातला पातळ भाग वाढतो. रात्रीच्या एसटीनं येऊन सकाळी पळणाऱ्याला हे कुठून मिळणार? मुंबईत एवढे दिवस राहण्याचा खर्च किती घरांना झेपतो, हेही आलंच.

पोरगा झोकांड्या खायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर अंग घामानं ओलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पळताना लागलेल्या उष्माघातात घाम सुटलेला असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणून पाणी ओता, बर्फ असेल तर तो लावा. आणि भरती घेणाऱ्यांनी एवढं करावं: नंबर तुकड्यांनी बोलवावेत, आणि रांगेवर मांडव घालावा.