क्षेत्रीय सामाजिक संवाद आणि साखर उद्योग : युरोपीय अनुभव व धाराशिव जिल्हा

प्रस्तावना :

कामगार संघटना व मालक यांच्यातील वाटाघाटी एका कारखान्याच्या फाटकापुरत्या मर्यादित न ठेवता संपूर्ण उद्योगक्षेत्रासाठी करण्याच्या पद्धतीस युरोपात ‘क्षेत्रीय सामाजिक संवाद’ असे म्हटले जाते. ही कल्पना मराठवाड्यातील वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील साखर उद्योगात राज्यव्यापी करारांची परंपरा जुनी आहे आणि त्या करारांच्या दोन्ही बाजू धाराशिव जिल्ह्यात एकत्र नांदतात. कळंब तालुक्यातील रांजणी, उमरगा तालुक्यातील मुरूम, तसेच ढोकी व केशेगाव येथे साखर कारखाने उभे राहिले; त्याच वेळी कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. हा जिल्हा मजूर मागविणारा आहे आणि पाठविणाराही. म्हणूनच युरोपीय रचनेशी तुलना करताना येथे एक प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे येतो : संवादाच्या टेबलावर मालक म्हणून नेमके कोण बसते?

युरोपातील रचना :

युरोपीय आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष झाक डेलॉर यांनी १९८५ मध्ये ब्रुसेल्सजवळील व्हाल ड्युशेस येथे मालक व कामगार यांच्या युरोपीय महासंघांना एकत्र आणले, तेथून या प्रक्रियेस गती मिळाली. मास्ट्रिख्ट कराराने तिला कायदेशीर आधार दिला. २० मे १९९८ रोजीच्या आयोगाच्या निर्णयान्वये क्षेत्रवार संवाद समित्या स्थापन झाल्या. त्यांची संख्या पुढे चाळीसच्या वर गेली. समितीत स्थान मिळण्यासाठी संघटनेने आपले प्रातिनिधिक स्वरूप सिद्ध करावे लागते. संघटना त्या क्षेत्राशी निगडित असावी, तिचे घटक आपापल्या देशांत मान्यताप्राप्त असावेत आणि त्यांना करार करण्याची क्षमता असावी, असे निकष आहेत.

या समित्यांतून झालेला करार दोन मार्गांनी अमलात येतो. एक तर उभय पक्ष तो आपापल्या देशांत स्वतः राबवितात. अथवा त्यांच्या संयुक्त विनंतीवरून त्याचे रूपांतर युरोपीय संघाच्या निर्देशात होते. रुग्णालयांतील सुया व धारदार उपकरणांपासून होणाऱ्या इजांविषयीचा २००९ चा करार २०१० मध्ये असाच बंधनकारक झाला. तथापि ही वाट नेहमी मोकळी असते असे नाही. केशकर्तन व्यवसायातील आरोग्य व सुरक्षिततेचा २०१२ चा करार आयोगाने पुढे पाठविला नाही. आणि पक्षांनी मागितले म्हणून करार मंत्रिपरिषदेपुढे ठेवण्यास आयोग बांधील नाही, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात दिला. युरोपीय प्रतिमानाचे सरसकट गुणगान करणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानी घ्यावयास हवी.

साखर क्षेत्राची संहिता :

साखर उत्पादकांचा सीईएफएस हा महासंघ आणि अन्न व कृषी कामगारांचा इफॅट हा महासंघ यांनी २००३ मध्ये सामाजिक उत्तरदायित्वाची एक आचारसंहिता स्वीकारली. मानवी हक्क, प्रशिक्षण, आरोग्य व सुरक्षितता, वेतन, कामाची परिस्थिती, उद्योगाची पुनर्रचना इत्यादी विषयांवर तीत किमान मानके ठरविण्यात आली. पुरवठादाराची निवड करतानाही हे निकष विचारात घ्यावेत, हे तिच्यातील एक मानक आहे.

लवकरच तिची कसोटी लागली. २००६ पासून युरोपीय संघाने साखरेचा संदर्भ दर चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरविण्याचे धोरण अमलात आणले आणि अनेक कारखाने बंद झाले. बंद होणाऱ्या कारखान्यासाठी पुनर्रचना निधी उभारण्यात आला. सोडलेल्या कोट्याच्या प्रत्येक टनामागे पहिली दोन वर्षे ७३० युरो मिळत. मात्र ही रक्कम मागणाऱ्या कंपनीस कामगार व बीट उत्पादक यांच्याशी विचारविनिमय करून कामगारांसाठी सामाजिक योजना सादर करणे आवश्यक होते. कारखाने वाचले नाहीत. परंतु ते कसे बंद व्हावेत यावर बोलण्याचा हक्क कामगारास मिळाला. ढोकीचा तेरणा कारखाना दीर्घकाळ बंद पडलेला ज्यांनी पाहिला, त्यांना या फरकाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

महाराष्ट्रातील दोन करार :

महाराष्ट्राच्या साखर उद्योगात दोन स्वतंत्र संवाद चालतात. पहिला, कारखान्यातील कायम व हंगामी कामगारांचा. १९५७ मध्ये नेमलेल्या केंद्रीय वेतन मंडळापासून त्याची परंपरा सुरू होते. पुढे राज्य शासन, साखर संघ व कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीने वेतनकरार करण्याची पद्धत रुजली. २०२१ मध्ये १२ टक्के व २०२५ मध्ये १० टक्के वेतनवाढीचा निर्णय झाला. करार मुदत संपल्यावर पुष्कळ विलंबाने होतात ही तक्रार खरी आहे. तरीही येथे मालक कोण याविषयी संदेह नसतो. कामगाराचे नाव हजेरीपटावर असते.

दुसरा संवाद ऊसतोड मजुरांचा. बबनराव ढाकणे व त्यानंतर गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली मजुरांचे संघटन झाले; कोयता बंद ठेवणे हे त्यांचे शस्त्र ठरले. साखर संघ व मजूर संघटना यांच्यातील मतभेद लवादापुढे जातात आणि लवादाने दिलेला दर राज्यभर लागू होतो. २०२० मध्ये तोडणीच्या दरात सरासरी १४ टक्के, तर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली. असंघटित समजल्या जाणाऱ्या, सहा महिने पालावर राहणाऱ्या मजुरांनी संपूर्ण क्षेत्रासाठी एक दर मिळवावा, ही घटना असाधारण आहे. अभ्यासकांनी तिची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही.

मालक कोण? :

परंतु हा करार दराचा आहे, नोकरीचा नाही. प्रत्यक्ष व्यवहार असा असतो. तोडणी-वाहतुकीच्या व्यवस्थेतून कारखान्याकडून मिळणारी उचल मुकादम पती-पत्नीच्या जोडीस, म्हणजे एका कोयत्यास, आगाऊ देतो. हंगामभर तोडलेल्या उसाच्या वजनातून ती फिटते. फिटली नाही तर पुढील हंगामावर चढते. आजारपणाचा दिवस खाडा धरला जातो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा शेतकी विभाग ठरवितो, दराच्या करारावर कारखान्यांचा संघ सही करतो. मात्र कायद्याच्या दृष्टीने मजूर हा कारखान्याचा नव्हे, मुकादमाचा माणूस मानला जातो. मुकादमाचे कमिशनही त्याच करारात ठरते. २०२४ मध्ये ते एक टक्क्याने वाढून २० टक्के झाले. ज्याला मजुराचा मालक म्हणावयाचे त्याचा मोबदला मजुराच्या दराच्या प्रमाणात ठरावा आणि दोघांचीही मागणी एकाच बाजूने मांडली जावी, हा विचित्र योग आहे.

याचे परिणाम करारात जे लिहिलेले नसते त्यातून दिसतात. कामाचे तास, पालावरील पाणी व शौचालय, बाळंतपणाची रजा, मुलांची शाळा हे विषय दरपत्रकात येत नाहीत. कोयता हे एकक मानल्यामुळे स्त्रीच्या श्रमाचा हिशेब स्वतंत्र राहत नाही. हिशेबाच्या वहीत पतीचेच नाव असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चौकशी समितीपर्यंत गेला तो आरोग्याचा प्रश्न म्हणून. वाटाघाटीचा विषय म्हणून तो त्याआधी कधी पुढे आला नव्हता. कायद्याची तऱ्हाही मौजेची आहे. वाशीची टोळी बेळगाव जिल्ह्यात गेली तर ती आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकते, कोल्हापूर जिल्ह्यात गेली तर नाही. ऊस तोच, कोयता तोच.

शासनाने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कार्यान्वित करून त्यासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये व तेवढाच शासनाचा वाटा अशी तरतूद केली. ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंदणी व ओळखपत्र ही व्यवस्थाही २०२१ पासून आली. युरोपीय परिभाषेत प्रातिनिधिकतेचा पाया म्हणजे सभासदांची मोजणी. ती प्रथमच शक्य होत आहे. मात्र नोंद गावात होते आणि काम दोन-तीनशे किलोमीटर दूर, ज्या कारखान्याच्या दप्तरी हे नाव नाही तेथे चालते.

न्यायाने सांगावयाचे तर युरोपातही कारखाना व शेत यांच्यात भिंत आहे. साखर क्षेत्राची समिती कारखान्यातील कामगारांपुरती असून शेतमजुरांसाठी कृषिक्षेत्राची समिती निराळी आहे. फरक असा की तेथील बीट यंत्राने काढले जाते. महाराष्ट्रातही आता ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने ९०० यंत्रांसाठी अनुदानाची योजना मंजूर केली. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के अथवा ३५ लाख रुपये यांपैकी जे कमी असेल ते अनुदान ठरले. लाभधारकांत शेतकरी, उद्योजक, शेतकरी उत्पादक संस्था व कारखाने यांचा समावेश झाला. युरोपातील कारखान्यास निधी मागताना कामगारांसाठी सामाजिक योजना सादर करावी लागली होती. येथे मात्र यंत्र आल्यावर जो कोयता घरी बसेल त्याच्याविषयी कोणी कोणाशी बोलावे, हे दराच्या कोणत्याही करारात अद्याप लिहिले गेलेले नाही.