छपराखालचा तरणतलाव आणि कॅमेरा

परभणी जिल्ह्यांतील देवगाव फाट्याकडे विहिरींत उड्या घेणाऱ्या मुलांचें छायाचित्र उन्हाळ्यांत सहज निघतें. ऊन मुबलक असतें. तींच मुलें शहरांतील छपराखालच्या तरणतलावांत शर्यतीस उतरलीं, म्हणजे हौशी पालकांची तारांबळ उडते. डोळ्यांस भरपूर वाटणारा तेथील उजेड कॅमेऱ्यास अपुरा पडतो, आणि उडणारे शिंतोडे स्थिर दिसावयाचे तर झडप सेकंदाच्या हजाराव्या, निदान पांचशेव्या भागापुरतीच उघडावी लागते. चित्र थोडें दाणेदार झालें तरी चालवून घ्यावें. फ्लॅश मात्र उडवूं नये. शर्यत सुटतांना तर त्यास नियमानेंच बंदी आहे.

चेहरा केव्हां दिसेल, हें पोहण्याच्या प्रकारावर अवलंबून. फ्रीस्टाइलमध्यें तो बाजूस वळतो, म्हणून मूल कोणत्या अंगास श्वास घेतें तें आधीं हेरावें. बटरफ्लायचें चित्र समोरून घ्यावें; दोन्ही हात पंखांसारखे पसरतात. कोल्हापूरचे वीरधवल खाडे सोळाव्या वर्षीं, २००८ सालीं, बीजिंग ऑलिंपिकमध्यें पोहले, आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेंत त्यांना ५० मीटर बटरफ्लायचेंच कांस्यपदक मिळालें.

सर्वांत नाजूक गोष्ट पोशाखाची. ठोकळ्यावर वांकलेल्या मुलीचें मागून चित्र घेणें आम्हांस असभ्य वाटतें. पाण्यांतील चेहरा व हात पुरेत. शेजारच्या रांगेंतील मूल चित्रांत आलें असेल, तर त्याच्या आईबापांस विचारल्यावांचून तें समाजमाध्यमांवर घालूं नये. तेथून तें परत आणतां येत नाहीं. आजीस दाखवावयाचें असेल तर एक प्रत छापून घरींच द्यावी.