पाळीव प्राणी असलेल्या घरातील पिसवांचा प्रादुर्भाव : जीवनचक्र व निर्मूलन

बीजशब्द : पिसू, कोषावस्था, कुत्रा, मांजर, कीटकनाशके, गृहस्वच्छता

प्रस्तावना

कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्या घरांत पिसवांचा उपद्रव ही नित्याची तक्रार आहे आणि तिचे स्वरूपही बहुधा ठरलेले असते. प्राण्याला औषधी साबणाने आंघोळ घातली जाते, दोन-चार दिवस बरे जातात आणि आठवड्याभरात घरातील माणसांच्या घोट्यांवर लाल चट्टे पुन्हा उमटू लागतात. औषध निकृष्ट होते असे समजून अधिक जहाल औषध आणले जाते. त्याचाही उपयोग झाला नाही की प्राण्यालाच घराबाहेर काढण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः या अपयशाचे कारण बहुतेक वेळा औषधात नसून पिसूच्या जीवनक्रमात असते. प्राण्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण प्रादुर्भावाचा अगदी लहान भाग होय. उरलेला मोठा भाग अंडी, अळ्या व कोष या रूपांत घरातच विखुरलेला असतो. हा जीवनक्रम समजावून घेऊन उपचारांची दिशा व कालावधी ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पिसू व तिचे जीवनचक्र

पिसू हा पंखविहीन, दोन्ही बाजूंनी चपटा व केवळ उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या रक्तावर जगणारा कीटक आहे. शरीर असे चपटे असल्यामुळे केसांच्या दाटीतून तिला सहज वाट काढता येते आणि चिमटीत धरली तरी ती निसटते. जगात तिच्या सुमारे 2,500 जाती ज्ञात आहेत. घरगुती उपद्रवात सर्वाधिक आढळणारी जात टेनोसेफॅलिडिस फेलिस ही होय. तिला 'मांजराची पिसू' म्हणतात, परंतु ती कुत्र्यावरही तितक्याच सुखाने राहते. भारतात कुत्र्यांवर तिचीच एक निकटची भाऊबंद, टेनोसेफॅलिडिस ओरिएंटिस, मोठ्या प्रमाणावर आढळते. पडवीत शेळ्या बांधणाऱ्या घरांत करडांवरही या पिसवा होतात. तेथे केवळ कुत्र्यावर उपचार करून काहीच साधत नाही.

प्रौढ पिसू प्राण्याच्या अंगावर चढली की काही मिनिटांतच रक्त शोषू लागते आणि एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते. ऐन भरात ती दिवसाला 40 ते 50 अंडी घालते. ही अंडी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची, पांढरी व गुळगुळीत असतात. उवेच्या लिखांप्रमाणे ती केसाला चिकटत नाहीत. प्राणी अंग झाडतो, खाजवितो, उडी मारतो, तेव्हा ती जमिनीवर ओघळतात. त्यांच्याबरोबरच प्रौढ पिसूची विष्ठा, म्हणजे वाळलेल्या रक्ताचे काळे कणही पडतात. निसर्गाची ही योजना मोठी चोख म्हटली पाहिजे, कारण दोन ते दहा दिवसांत अंड्यातून बाहेर येणाऱ्या अळीचे मुख्य अन्न ही विष्ठाच असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, प्राणी जेथे सर्वाधिक वेळ झोपतो, तेथेच अंडी आणि अन्न दोन्ही साचत जातात.

अळी प्रकाशापासून दूर पळते. सतरंजीच्या विणीत, सोफ्याच्या खाचेत, दिवाणाखालच्या धुळीत, फरशीच्या सांध्यांत, मातीच्या जमिनीच्या भेगांत ती शिरते. तिला दमट हवा लागते. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते, तसेच 35 अंश सेल्सिअसच्या वरचे तापमानही तिला सोसत नाही. त्यामुळे कोकणातील दमट हवा तिला मानवते, तर विदर्भातील वैशाखाच्या उन्हात उघड्या अंगणात ती तग धरू शकत नाही. घरातील सावलीत, पलंगाखाली मात्र परिस्थिती वेगळी असू शकते. पावसाळ्यात हा उपद्रव वाढलेला दिसतो, त्यामागे हीच आर्द्रता असते.

दोनदा कात टाकल्यावर, अनुकूल हवेत साधारण एक ते दोन आठवड्यांत, अळी स्वतःभोवती रेशमी कोष विणते. हा कोष चिकट असतो. धूळ, केस, वाळू त्याला लगेच चिकटतात आणि तो धुळीच्या कणासारखाच दिसू लागतो. निर्मूलनाची खरी अडचण येथे आहे. कोषातील पिसूपर्यंत घरगुती वापराची कीटकनाशके पुरेशी पोहोचत नाहीत. शिवाय कोषात पूर्ण वाढ झालेली पिसू लगेच बाहेर येईलच असे नाही. जवळपास यजमान असल्याची खूण मिळेपर्यंत, म्हणजे पावलांची कंपने, शरीराची ऊब, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत, ती आठवडेच नव्हे तर काही महिनेही आत थांबू शकते. दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या घराचे कुलूप उघडताच पायांवर पिसवांचा हल्ला व्हावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. घर बंद होते, प्राणीही नव्हता, मग पिसवा आल्या कोठून? त्या बाहेरून आलेल्या नसतात. कोषात वाट पाहणाऱ्या पिसवांना पहिल्या पावलांची चाहूल लागलेली असते.

एका ढोबळ अंदाजानुसार एकूण प्रादुर्भावात निम्मी अंडी, सुमारे एक तृतीयांश अळ्या, दहा टक्के कोष व केवळ पाच टक्के प्रौढ पिसवा असतात. हे प्रमाण प्रत्येक घरात तंतोतंत असेच असेल असे नाही, परंतु केवळ आंघोळीवर भिस्त ठेवणाऱ्याने ते लक्षात घ्यावे.

निदान

प्राणी खाजवितो म्हणजे पिसवाच, असे नव्हे. गोचीड, ऊ, खरूज व बुरशीजन्य विकारांतही खाज असते. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी व मानेवर विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा होय. साधी माती असल्यास रंग सुटत नाही. ही परीक्षा बिनखर्चाची आणि बरीच विश्वासार्ह आहे. काही प्राण्यांना पिसूच्या लाळेचेच वावडे असते. त्यांच्या बाबतीत अंगावर एकही पिसू न सापडता कमरेचे केस झडलेले व कातडी सोललेली दिसते, कारण मांजर तर पिसवा चाटून गिळूनही टाकते.

अशा गिळलेल्या पिसवेतूनच डायपिलिडियम कॅनिनम हा चपटा जंत प्राण्याच्या आतड्यात जातो. तांदळाच्या दाण्यासारखे त्याचे तुकडे गुदद्वाराजवळ दिसल्यास जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो, अन्यथा जंत पुन्हा होतो. प्राण्याशी खेळताना चुकून पिसू गिळणाऱ्या लहान मुलांनाही हा जंत होऊ शकतो. लहान पिलांमध्ये पिसवांची संख्या फार झाल्यास रक्तक्षय होतो. हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्यास विलंब न करता पशुवैद्यकाकडे जावे.

प्राण्यावरील उपचार : औषध आणि विष यांतील अंतर

घरातील सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत. एक जरी सुटले तरी अंड्यांचा पुरवठा चालू राहतो. आज फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन ही मानेवर सोडावयाची औषधे, तसेच फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर यांसारखी पोटात द्यावयाची औषधे उपलब्ध आहेत. शेवटच्या गटातील औषधांमुळे क्वचित झटके येऊ शकतात, याकडे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये लक्ष वेधले होते. म्हणून ज्या प्राण्याला पूर्वी झटके आले आहेत, त्याच्याबाबत ही बाब पशुवैद्यकाला आवर्जून सांगावी. मात्रा वजनावरून ठरते. मोठ्या कुत्र्याची कुपी दोन लहान प्राण्यांत वाटून देण्याची काटकसर धोक्याची आहे. आठ आठवड्यांहून लहान पिलांना फणी, कोमट पाणी व सौम्य साबण हाच सुरक्षित मार्ग होय. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. नखाने चिरडत बसू नये.

येथे सर्वांत अधिक सावधगिरी मांजराच्या बाबतीत हवी. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे द्रव्य असते. कुत्र्याचे यकृत ते निष्प्रभ करू शकते, मांजराच्या यकृतात ती क्षमता अपुरी असते. 'थोडेसेच लावले' म्हणून मांजर वाचत नाही. काही तासांत लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे ही लक्षणे दिसतात आणि प्राण जाऊ शकतो. असे औषध चुकून लागल्यास कोमट पाणी व भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने अंग धुऊन मांजराला तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. गोठ्यात गुरांसाठी आणलेले डेल्टामेथ्रिनही याच कुळातील आहे. गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ मांजराला घातक आहेच, शिवाय ते पिसवांवर उपयोगीही नाही.

घरगुती उपायांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. रॉकेल चोळणे, फिनेलच्या पाण्याने आंघोळ घालणे, अंथरुणात डांबरगोळ्या ठेवणे हे प्रकार अद्यापि चालतात. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते फुप्फुसांत उतरू शकते. फिनेल व डांबरगोळ्या मांजरांना विषारी आहेत. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, उलट कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. गावोगाव पिसवांसाठी धुरळली जाणारी गॅमेक्झिन पावडर एके काळी प्रत्येक घरी असे. त्या कुळातील बी.एच.सी.वर भारतात 1997 मध्ये बंदी आली व पुढे लिंडेनचाही वापर थांबविण्यात आला. जुन्या डब्यात ती शिल्लक असली तरी वापरू नये. पूर्वापार उपायांपैकी एक मात्र शास्त्राच्या कसोटीला उतरतो, तो म्हणजे गोधड्या व गोणपाट कडक उन्हात टाकणे.

घरातील उपाययोजना

प्राण्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा अतिशय गरम, शक्यतो 60 अंशांच्या पाण्यात धुवावे. ते उचलताना घडी आतल्या बाजूस करावी, म्हणजे अंडी वाटेत सांडत नाहीत. केरसुणीने जमीन स्वच्छ दिसते खरी, परंतु भेगांतील अळ्या तिथेच राहतात. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास पलंगाखाली, सोफ्याच्या खाचांत, भिंतीच्या कडेने रोज फिरवावा व आतील कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकावा. या यंत्राचा दुसराही फायदा आहे. त्याच्या कंपनांमुळे कोषातील पिसवा बाहेर येतात व औषधाच्या टप्प्यात सापडतात. यंत्र नसल्यास फरशी साबणाच्या गरम पाण्याने पुसून सांधे खरवडावेत. मातीच्या जमिनीच्या भेगा बुजवून घ्याव्यात.

प्रादुर्भाव मोठा असल्यास जमिनीवर कीटकनाशकाची फवारणी करावी लागते. तीत मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन यांसारखे वाढ रोखणारे द्रव्य असेल तर अंडी व अळ्यांची पुढील वाढ खुंटते. खोलीच्या मध्यभागी सोडलेला धूर पलंगाखाली पोहोचत नाही, म्हणून अशा धुराच्या डब्यांपेक्षा फवारणी बरी. त्या वेळी मुले व प्राणी बाहेर असावेत, माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवावा आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नये.

उंदरावरील पिसू : एक वेगळी सूचना

आतापर्यंतचे विवेचन कुत्र्यामांजरांच्या पिसवांचे होते. उंदरावरील झेनॉप्सिला किऑपिस ही जात निराळी आणि तिचा इतिहास या प्रदेशाला परिचयाचा. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रकटला, तेव्हा त्यात पिसूचा हात असल्याची कल्पना नसल्याने कार्बोलिक आम्लाने घरे व गटारे धुण्यावर भर दिला गेला. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत उंदरांवरील प्रयोगाने पिसूची भूमिका दाखविली आणि तीही मान्य होण्यास काही वर्षे लागली. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचा संशय आला, तेव्हा उंदीर मरण्याबरोबर पिसवांच्या उपद्रवाची तक्रारही पुढे आली होती. आजचा पिसवांचा प्रत्येक प्रादुर्भाव प्लेगचा सूचक मुळीच नाही. परंतु घरात किंवा शेजारी अनेक उंदीर अकारण मरून पडू लागले आणि त्याच सुमारास पिसवा वाढल्या, तर उंदरांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. मेलेल्या उंदरावरील पिसवा दुसरा यजमान शोधू लागतात. म्हणूनच अशा ठिकाणी आधी पिसवा व मग उंदीर मारण्याचा क्रम पाळला जातो.

कालावधी व अपेक्षा

उपचार सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसू लागतात आणि याच टप्प्यावर बहुतेक कुटुंबे औषध बदलतात. या पिसवा नव्या पैदाशीच्या नसून आधीच्या कोषांतून बाहेर पडलेल्या असतात. त्या उपचार केलेल्या प्राण्यावर चढल्या की अंडी घालण्यापूर्वीच मरतात, म्हणून याच काळात प्राण्याला घरातच राहू द्यावे. त्याला नातेवाइकांकडे धाडले तर कोषांतून निघालेल्या भुकेल्या पिसवांना माणसांखेरीज कोणी उरत नाही. प्राण्यावरील औषध ठरलेल्या अंतराने किमान तीन महिने, दमट हवेच्या प्रदेशात पावसाळाभर, चालू ठेवावे. आठवड्यातून एकदा फणी व ओल्या कागदाची परीक्षा करून तारीखवार नोंद ठेवावी. तीन महिन्यांनंतरही कागदावर तांबूस डाग उमटत राहिले, तर अंगणात येणारी भटकी मांजरे, माळ्यावरील घुशी किंवा शेजारचा उपचार न झालेला कुत्रा यांपैकी कोठून नव्याने भर पडते आहे, त्याचा शोध घ्यावा.