वासरू लहान असलं तरी त्याला दुखतंच!



परिसर अभ्यासाच्या तासाला 'पाळीव प्राण्यांची काळजी' हा विषय चालू होता. मुलांनी नेहमीची उत्तरं दिली. वेळेवर चारा, स्वच्छ पाणी, कोरडा गोठा, लसीकरण. एक मुलगा मात्र गप्प बसून होता. मधल्या सुट्टीत तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, काल आमच्या कालवडीची शिंगं जाळली. पाय मी धरले होते. लई वरडली ती. आजा म्हणला, बारकी हाय, विसरून जाईल. खरंच विसरंल का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. लहानपणी मीही असंच दावं धरून उभी राहिलेली आहे. आपल्या तिसगाव भागात शेती पावसावर आणि घरखर्च दुधावर चालतो. जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरी दावणीला एखादं तरी जित्राब असतंच. म्हणून हा विषय नीट समजून घेतला. समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

हे करतात कशासाठी?

आधी एक स्पष्ट करते. शिंगं काढणारा किंवा गोऱ्हा बडवणारा शेतकरी निर्दयी नसतो, त्याला कारणं असतात. मुक्त संचार गोठ्यात गाई मोकळ्या फिरतात. तिथे शिंगं असली की एकमेकींना जखमा होतात, कासेला इजा होते, धार काढणाऱ्यालाही धोका असतो. गोऱ्हा खच्ची केला की तो कामाला शांत राहतो आणि नको ते प्रजनन टळतं. बोकड खच्ची केला की त्याच्या मांसाला उग्र वास येत नाही.

म्हणजे प्रश्न 'करायचं की नाही' एवढाच नाही. 'करायचं तर कसं' हा खरा प्रश्न आहे. 'बडवणे' या शब्दातच जुनी पद्धत दिसते. पूर्वी वृषण अक्षरशः ठेचून काढत. पुढे बर्डिझोचा चिमटा आला. त्यात कातडी न कापता आतली नस आणि रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. रक्त येत नाही, जखम उघडी राहत नाही. पण रक्त आलं नाही म्हणजे दुखलं नाही, असं होत नाही. बोट दारात चेंगरलं तर रक्त येत नाही, तरी आपण कळवळतोच ना?

लहान जिवाला कमी दुखतं का?

हा समज फक्त वासरांबद्दल नव्हता, तान्ह्या बाळांबद्दलही होता. १९८०च्या दशकापर्यंत परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अगदी थोड्या भुलीवर होत असत. डॉ. कंवलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये यावर काम केलं. १९८७ साली त्यांनी दाखवून दिलं की पुरेसं वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि नंतरचे त्रासही कमी होतात. मग जगभरची पद्धत बदलू लागली.

वासरांचंही तसंच. न्यूझीलंडमध्ये शास्त्रज्ञांनी शिंगं काढलेल्या वासरांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. शरीरावर ताण आला की हे संप्रेरक वाढतं. भूल न दिलेल्या वासरांत ते झपाट्याने वाढलं. भूल दिलेल्यांत आधी कमी राहिलं, पण भूल उतरल्यावर वाढलं. भुलीबरोबर वेदनाशामकही दिलं तेव्हा ही वाढ बरीच आटोक्यात राहिली.

मग वासरू ओरडायचं थांबतं कसं? गाय, शेळी, मेंढी हे शिकार होणारे प्राणी आहेत. दुखतंय हे दाखवलं तर शत्रूच्या नजरेत येतं, म्हणून ते वेदना लपवतात. पण लक्ष दिलं तर खुणा दिसतात. वासरू सारखं डोकं झटकतं, कान फडफडवतं, पाय आपटतं, ऊठबस करतं, दूध प्यायला उशिरा येतं. खच्ची केलेला गोऱ्हा पाय फाकवून जपून चालतो.

भूल आणि वेदनाशामक: दोन्ही का लागतात?

दात काढायला गेलात की डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात, थोडं थांबतात, ओठ जड झाला की मग दात काढतात. घरी जाताना गोळ्याही देतात. वासराचंही असंच करायचं असतं.

पहिली गोष्ट, जागेपुरती भूल. शिंगाकडे जाणारी नस डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळाकडे जाते. तिच्याजवळ लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं की शिंगाचा भाग बधिर होतो. पण लगेच नाही, पाच ते दहा मिनिटं थांबावं लागतं. घाईत नेमकं हे थांबणंच राहून जातं.

दुसरी गोष्ट, वेदनाशामक. लिग्नोकेनचा परिणाम साधारण एक ते दोन तास टिकतो आणि भाजलेली जागा त्यानंतरही दुखत राहते. म्हणून मेलोक्सिकॅमसारखं औषध आधीच देतात, त्याचा आधार पुढे बराच वेळ राहतो. घरात पडलेली कोणतीही बाटली मात्र वापरू नका. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

तिसरी गोष्ट, गुंगी. गुंगीच्या इंजेक्शनने वासरू शांत पडतं, धरायला सोपं जातं. पण शांत पडलं म्हणजे दुखत नाही असं नाही. गुंगीबरोबरही जागेची भूल हवीच.

वयही महत्त्वाचं आहे. साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाचा कोंब कवटीला जोडलेला नसतो, तोवर काम लहान असतं. नंतर तीच मोठी शस्त्रक्रिया होते. करडांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांची कवटी पातळ असते आणि लिग्नोकेन थोडं जास्त झालं तरी त्यांना विषबाधा होऊ शकते. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं आणि वेसण घालणं यांना सूट आहे, पण 'विहित पद्धतीने' केलं तर. ही पद्धत नियमांत स्पष्ट व्हायला २०२३ साल उजाडलं. त्या नियमांत नोंदणीकृत पशुवैद्यक आणि भुलीचा वापर या दोन्ही गोष्टी आल्या. म्हणजे भूल मागणं हे लाड नाहीत, तो नियम आहे.

पालकांनो, एवढं विचारा

१. डॉक्टर, भूल देणार ना? आणि ती चढेपर्यंत थांबणार ना?
२. नंतर दुखू नये म्हणून कोणतं औषध? किती दिवस?
३. धनुर्वाताची लस लागेल का?
४. जखमेवर माशा बसू नयेत म्हणून काय लावायचं?

शक्यतो पावसाळा टाळा, त्या दिवसांत जखमेत अळ्या पडायची भीती जास्त. त्याच दिवशी वासराचं दूध तोडू नका, दोन ताण एकदम नकोत. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारणा करता येते.

शिक्षकांनो, वर्गात काय घेता येईल?

मुलांना घरच्या वासराचं दहा मिनिटं निरीक्षण करायला सांगा. कान किती वेळा हलले, किती वेळा उठलं-बसलं, कसं चाललं याची नोंद ठेवायची. निरोगी जनावराची चाल ओळखीची झाली की दुखणाऱ्याची लगेच कळते. यात निरीक्षण, मोजणी आणि तक्ता असं तिन्ही होतं. कोणाच्या घरी काय चुकलं हे मात्र वर्गात विचारू नका. मूल आणि पालक दोघंही अवघडतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. जू ओढून शिणलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतो. बैलाचा खांदा दुखतो हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तोच बैल वासरू असताना त्यालाही दुखतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. "तिला दुखलं, बाळा. आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. आता तुला माहीत आहे." तो म्हणाला, "आमची दुसरी गाय गाभण हाय, मॅडम. तिच्या वासराच्या टायमाला मी डॉक्टरला सांगतो, आधी सुई, मग थांबायचं."

तुमच्या घरीही असं वासरू असेल तर हा लेख गोठ्यातल्या मोठ्या माणसांना नक्की वाचून दाखवा.